वाडा विकायचाय, मग दुरुस्ती किती करायची?

पुण्याच्या पेठांत, वाई-साताऱ्याकडं, कोकणात आणि गोव्यात आजोबा-पणजोबांनी बांधलेली घरं विकायला निघतात, तेव्हा सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. एक म्हणतो, रंगरंगोटी करा, भाव चढेल. दुसरा म्हणतो, पाडून मोकळा प्लॉट दाखवा. तिसऱ्याचं लक्ष खांब-तुळयांवर असतं. सागवान आधी काढून घ्या, म्हणतो. या सगळ्या सल्ल्यांत एक प्रश्न राहून जातो : घेणारा नेमकं काय विकत घेणार आहे, घर की घराखालची जागा? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय गवंड्याला बोलावण्यात अर्थ नाही. जुन्या घराच्या दुरुस्तीबद्दलचे बहुतेक गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळंच टिकून आहेत.

गैरसमज १ : जेवढा खर्च घालू, त्याच्या दुप्पट किंमत वाढेल.

वस्तुस्थिती : गिऱ्हाईक बांधकाम व्यावसायिक असेल, तर तो जागेचं क्षेत्रफळ, रस्त्याची रुंदी आणि मिळणारा चटई निर्देशांक एवढंच मोजतो. तुम्ही माडीवर घातलेल्या नव्या फरशीची किंमत त्याच्या हिशेबात शून्य असते, कारण ती राडारोड्यातच जाणार. अशा ठिकाणी पाऊस आत येणार नाही आणि कुणाच्या डोक्यावर काही पडणार नाही, इतपत डागडुजी पुरते.

पण हाच हिशेब उलटाही फिरतो. चटई निर्देशांक रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतो आणि पेठेतल्या अरुंद बोळात तो कागदावर दिसतो तेवढा वापरता येत नाही. वाड्याचा पुढचा भाग रस्तारुंदीत जाणार असेल, भूखंड लांबट आणि चिंचोळा असेल, तर सामासिक अंतरं सोडून उरतं काय, हे आर्किटेक्टकडून आधी काढून घ्यावं. कधी कधी असं दिसतं की पाडून फारसं काही हाती लागत नाही. मग खरं गिऱ्हाईक म्हणजे वाडा वाडा म्हणून घेणारा माणूस : कार्यालय, वस्तुसंग्रह, छोटं हॉटेल किंवा राहतं घर करू पाहणारा. गोव्यात आणि कोकणाच्या किनाऱ्यालगत असे खरेदीदार बरेच येतात. त्यांच्यासाठी दुरुस्तीला मोल आहे, पण कुठल्या दुरुस्तीला, हे पुढं बघू.

गैरसमज २ : जुनं घर म्हणजे हेरिटेज. ते विकता येत नाही, खिळाही ठोकता येत नाही.

वस्तुस्थिती : नुसत्या वयानं घर वारसा वास्तू ठरत नाही. त्यासाठी ते शासनानं किंवा महापालिकेनं मंजूर केलेल्या यादीत असावं लागतं. अशी नियमावली देशात सर्वांत आधी मुंबईत १९९५ साली आली. त्या धर्तीवर वास्तूंच्या श्रेणी ठरतात. पहिल्या श्रेणीत आत-बाहेर कुठलाही बदल मजबुतीकरणापुरताच. दुसऱ्या श्रेणीत बाह्यरूप राखून आतले बदल छाननीनंतर करता येतात. मुंबईत या श्रेणीचे अ आणि ब असे दोन भाग आहेत. तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक असते. यादीत आल्यामुळं मालकी सरकारकडं जात नाही आणि विक्रीवर बंदीही येत नाही. बंधन असतं ते बदलांवर, आणि ते नव्या मालकालाही तितकंच लागू राहतं.

म्हणून विक्रेत्यानं पहिलं काम करावं ते श्रेणीची लेखी खातरजमा. ‘आमचं घर बहुतेक हेरिटेजमध्ये आहे’ या वाक्यानं गिऱ्हाईक जितकं बिचकतं, तितकं ‘तिसरी श्रेणी, आतले बदल परवानगीनं करता येतात’ या वाक्यानं बिचकत नाही.

गैरसमज ३ : आमचं नाव यादीत नाही, म्हणजे आम्ही मोकळे.

वस्तुस्थिती : शेजारी कोण आहे, तेही बघावं लागतं. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन ही बंधनं आणखी कडक झाली. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम करता येत नाही. आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती मात्र राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीनं करता येते. शनिवारवाड्याभोवतीच्या कित्येक वाडामालकांचं घोडं इथंच अडलेलं आहे. वाडा मोडकळीला आलाय, पण पाडून इमारत उभी करता येत नाही.

विक्रीच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे. या पट्ट्यात जागेचा खरेदीदार फिरकणार नाही. येईल तो घराचा. तेव्हा ‘बिल्डर येईलच’ म्हणून वाडा पडू देणं इथं सगळ्यात महाग पडतं. पडलेल्या घराची दुरुस्ती होत नाही, आणि नवं बांधायला परवानगी नाही. पणजीच्या फोंताइन्हससारख्या संरक्षित वस्तीतही घराचा भाव घर म्हणूनच ठरतो, म्हणून तिथंही छप्पर शाबूत ठेवणं हीच खरी गुंतवणूक.

गैरसमज ४ : आधी घर नीट करू, कागद नंतर बघू.

वस्तुस्थिती : कागद नीट नसतील तर घरात घातलेला पैसा अडकून बसतो. मालमत्ता पत्रकावर अजून पणजोबांचं नाव, चुलत्यांपैकी दोघे परदेशी, एक आत्या हयात आणि तिच्या बहिणीची मुलं तिसऱ्याच गावी, हे चित्र नेहमीचं. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली तो आणखी स्पष्ट केला. ‘तिचं लग्नात सगळं केलं’ हा युक्तिवाद निबंधकाच्या कार्यालयात चालत नाही. हक्क सोडायचा असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. एका वारसानं स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केली आणि विक्रीच्या वेळी बाकीच्यांनी समान वाटा मागितला, की भांडण ठरलेलं. म्हणून कामाला हात लावण्याआधी खर्च कुणाचा आणि तो विक्रीच्या रकमेतून कसा वळता होणार, हे सगळ्यांच्या सहीनं लिहून ठेवावं.

भाडेकरूंचंही तसंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार घर विकलं म्हणून भाडेकरू जात नाही. त्याच्यासकट घर नव्या मालकाकडं जातं. खोल्या रंगवल्यानं हा प्रश्न सुटत नाही.

गोव्यात कायद्याची चाल वेगळी आहे. तिथल्या नागरी संहितेखाली पती-पत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक धरली जाते, म्हणून विक्रीपत्रावर दोघांची सही लागते. वारसांमधली वाटणी न झालेली असेल, तर ‘इन्व्हेंटरी’ची प्रक्रिया पार पाडावी लागते. आवारात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याचं, घर असेल, तर १९७५ चा मुंडकार कायदा त्याला संरक्षण देतो. हे सगळं गिऱ्हाइकाच्या वकिलाला पहिल्या आठवड्यात कळणारच आहे. आपल्याला त्याच्या आधी कळलेलं बरं.

गैरसमज ५ : भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला, की घर भक्कम आणि कोरडं.

वस्तुस्थिती : जुन्या घराचं सर्वाधिक नुकसान याच दुरुस्तीनं झालंय. भारतात पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला तो १९१४ साली. त्याआधीच्या वाड्यात सिमेंट दिसलं, तर ते बहुधा नंतर कुणीतरी लावलेलं. मूळ काम चुन्यात किंवा मातीत आहे. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. जमिनीतून भिंतीत चढलेली ओल त्यातून बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा थर चढवला की वाट बंद होते. ओल आणखी वर चढते आणि पाण्याबरोबर आलेले क्षार थरामागं साचतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि वीट किंवा जांभा भुगा होऊन गळू लागतो. बाहेरून गिलावा शाबूत, आत भिंत पोकळ. प्लॅस्टिक रंगाचा थरही थोड्याफार फरकानं हेच करतो.

ओलीचा बंदोबस्त भिंतीवर करण्याआधी भिंतीबाहेर करावा. कौलं फुटलीत का, पन्हळ गळतेय का, न्हाणीचं पाणी कुठं मुरतंय, हे आधी. शहरात आणखी एक कारण हमखास सापडतं. वर्षानुवर्षं डांबराचे थर चढून रस्ता जोत्याच्या पातळीला आलेला असतो आणि चौकात कुणीतरी हौसेनं सिमेंटचा कोबा करून पाण्याचा उतार भिंतीकडं दिलेला असतो. कोबा फोडून उतार बाहेरच्या गटाराकडं वळवणं हे स्वस्त काम आहे, आणि पुष्कळदा पुरेसंही. त्यानंतर सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा द्यावा. मळलेला चुना, गरजेप्रमाणं गूळ-हिरड्याचं पाणी, वर संदल्याचा गुळगुळीत हात : हे जाणणारे कारागीर कमी आहेत, पण संपलेले नाहीत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, म्हणून या कामाला आठवडे द्यावे लागतात. विक्रीची घाई असेल, तर अर्धवट सिमेंट फासण्यापेक्षा भिंत उघडी ठेवून कारण दाखवलेलं चांगलं.

गैरसमज ६ : लाकूड किडलं, म्हणजे कडीपाट काढून स्लॅब टाकायलाच हवा.

वस्तुस्थिती : सागाची तुळई सगळीच्या सगळी क्वचित कुजते. कुजतं ते भिंतीत रुतलेलं टोक, कारण तिथं ओल असते आणि वारा नसतो. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशी धरत नाही. म्हणजे गळती थांबवली की निम्मं काम झालं. उरलेल्या कामात कुजलेलं टोक कापून त्या जागी जुन्या सागाचा तुकडा सांध्यानं जोडता येतो किंवा लोखंडी पट्ट्यांचा आधार देता येतो. पेचकस खुपसून आणि ठोकून लाकडाचा आवाज ऐकून कुठली तुळई कितपत गेलीय, हे जाणता सुतार तासाभरात सांगतो.

स्लॅबचं ओझं मात्र आकड्यांतच समजून घ्यावं. चार इंची काँक्रीटच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद खोलीवर ते सव्वादोन टन होतं. मंगळुरी कौलांचं वजन चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास असतं. माती-चुन्यातल्या भिंती आणि लाकडी खांब हे हलकं छप्पर पेलण्याच्या हिशेबानं उभे आहेत. माडीच्या लाकडी तक्तपोशीवर दोन इंच माल घालून टाइल्स बसवण्याची हौसही याच कारणानं टाळावी. चौरस मीटरला १०० किलोचा तरी भार नाहक वाढतो.

गैरसमज ७ : शंभर वर्षं उभं आहे, आता कशाला काय होतंय?

वस्तुस्थिती : जुन्याचं कौतुक करणाऱ्यांचा हा गैरसमज. १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले कित्येक जुने वाडे पाण्यानं बसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातल्या जाडजूड दगडी भिंतींनी जीव घेतले, कारण ते दगड मातीत रचलेले होते, भिंतीच्या दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते आणि वर मातीच्या माळवदाचं ओझं होतं. भिंत जाड आहे म्हणजे ती एकसंध आहे, असं नाही. म्हणून जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून संरचनेची तपासणी करून घ्यावी. फक्त काँक्रीटच्या इमारतींची सवय असलेला माणूस जुनं घर बघून हमखास ‘पाडा’ म्हणतो. अहवालावर खर्च होतो खरा, पण विक्रीच्या बोलणीत त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

गैरसमज ८ : नक्षीदार खांब आणि दारं आधी विकली, तर वरकड पैसे सुटतील.

वस्तुस्थिती : जागाच विकायची असेल आणि वाडा पडणारच असेल, तर लाकडाचा सौदा वेगळा करावा, करारात त्याचा उल्लेख हवा, एवढंच. मात्र घर म्हणून विकायचं असेल, तर सुरूचे खांब, महिरपी, दिंडी दरवाजा, गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांतले शिंपल्यांचे अर्धपारदर्शक तुकडे, जुन्या सिमेंट टाइल्सची रंगीत जमीन, यांच्यासाठीच गिऱ्हाईक येतं. ते उचकटून विकलेल्या घराला ना जागेचा भाव मिळतो, ना वाड्याचा. यादीतल्या वास्तूतून असे भाग काढणं नियमात बसत नाही, ते निराळंच.

नव्यानं ‘जुनं’ करण्याच्या भानगडीतही पडू नये. फायबरच्या महिरपी, खांबांवर सोनेरी रंग, काळ्या दगडाच्या जोत्यावर चकचकीत पॉलिश हे पैसे मोजणाऱ्या माणसाला लगेच ओळखू येतं आणि मग तो खऱ्या गोष्टींकडंही संशयानं बघतो. लाकडावरचे ऑइलपेंटचे थर उतरवून तेलाचा हात देणं एवढं बस.

गैरसमज ९ : मॉड्यूलर स्वयंपाकघर आणि फॉल्स सीलिंग केलं, की घर लगेच जातं.

वस्तुस्थिती : आवडीनिवडीच्या गोष्टींवर विक्रेत्यानं खर्च करू नये, कारण नवा मालक त्या बदलतो. फॉल्स सीलिंगनं तर कडीपाटच झाकला जातो आणि वर काय दडवलंय, ही शंका उरते. याउलट कुणालाही नको असलेल्या गोष्टी दूर करण्यावर खर्च करावा. कापडी वेटोळ्याची जुनी वायरिंग काढून अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारं उपकरण बसवावं. नळ आणि सांडपाण्याच्या जुन्या लोखंडी नळ्या बदलाव्यात. वाळवीचा बंदोबस्त करावा. निदान एक चांगलं शौचालय-न्हाणीघर करावं, पण ते माडीवरच्या लाकडी जमिनीवर नको. मागच्या पडवीत किंवा परसात, जिथं पाणी गळलं तरी तुळया भिजणार नाहीत आणि उद्या काढायचं झालं तर मूळ भिंतीला धक्का लागणार नाही, अशा जागी करावं.

गैरसमज १० : भेगा बुजवल्या, रंग मारला, आता गिऱ्हाईक बघेल ते बघेल.

वस्तुस्थिती : १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार साध्या काळजीनं खरेदीदाराला दिसू शकत नाही असा मोठा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ओली भिंत पॅनेलखाली झाकणं म्हणूनच नुसती लबाडी राहत नाही, पुढच्या दाव्याचं बीज ठरतं. शिवाय घासाघीस चालते ती अज्ञात खर्चाच्या भीतीवर. छप्पर बदलायला पाच लाख लागतील हे कागदावर दिसलं, तर गिऱ्हाईक पाच लाख कापतं. दिसलं नाही, तर धास्तीनं पंधरा कापतं.

गैरसमज ११ : दुरुस्तीचा सगळा खर्च करातून वजा होतो.

वस्तुस्थिती : दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या हिशेबात सुधारणेचा भांडवली खर्च धरता येतो. वरवरचा रंग किंवा दरवर्षीची शाकारणी त्यात बसवणं अवघड. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या घरासाठी त्या दिवसाचं वाजवी बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून घेता येतं, पण त्याआधी केलेल्या सुधारणांचा खर्च मग वेगळा धरत नाहीत. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे महागाईनुसार मूळ किंमत वाढवून न धरता, १२.५ टक्के कर आहे. त्याआधी मिळवलेल्या जमीन-घराबाबत भारतात निवासी असलेली व्यक्ती आणि अविभक्त हिंदू कुटुंब यांना इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा हिशेब करून कमी पडेल तो कर भरता येतो. अनिवासी वारसाला ही सवलत नाही. म्हणून वाटेकऱ्यांपैकी कुणी परदेशी असेल, तर त्याचं गणित वेगळं मांडावं. पावत्या मात्र सगळ्यांनीच ठेवाव्यात. रोखीनं, चिठ्ठीवर केलेल्या कामाचा हिशेब कर अधिकाऱ्यापुढं टिकत नाही.

मग क्रम काय लावायचा?

वारस, भाडेकरू, श्रेणी आणि स्मारकापासूनचं अंतर हे आधी. त्यावरून जागा विकतोय की घर, ते ठरवावं. जागा असेल, तर खर्च थांबवावा आणि घर सुरक्षित ठेवावं. घर असेल, तर संरचनेचा अहवाल घ्यावा, परवानग्या काढाव्यात आणि मग छप्पर, पाण्याचा निचरा, लाकडाची टोकं, वीज, नळ आणि एक न्हाणीघर या क्रमानं काम करावं. प्रत्येक टप्प्यावर उघडलेल्या भिंतींचे आणि सांध्यांचे फोटो काढावेत. नकाशे, अहवाल, परवानग्या, पावत्या आणि फोटो यांची एक फाइल करावी. पैसा मध्येच संपला, तर जिथं असू तिथं थांबावं आणि उरलेल्या कामाचा अंदाजपत्रकी खर्च त्याच फाइलला जोडावा. छप्पर धड, भिंती कोरड्या आणि फाइल पूर्ण असलेलं अर्धवट रंगवलेलं घर विकायला काढायला हरकत नाही. रंग कुठला लावायचा, ते घेणारा ठरवेल.